बाहेरची कडी

७ नोव्हेंबर २००६

समोरचा चंद्रभान मेला. मढे भंडाऱ्याला चिरफाडीला गेले आहे. ते परत येऊन उठेपर्यंत गल्लीत चूल पेटणार नाही, म्हणजे मला काम नाही. लग्नाला एकवीस वर्षे झाली, दुपारी रिकामे बसल्याचे आठवत नाही. म्हणून लिहिते आहे.

काल शेजारच्या गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. दिवसाची मंडई बायांची, रात्रीचे नाटक पुरुषांचे, असे आमच्या गल्लीत ठरलेले. हेही गेले. हे म्हणजे पुंडलिकराव, गावचे पोलीस पाटील आणि माझे मालक. जाताना बाहेरून कडी घालून गेले. रात्रीचे कुठे जायचे तर इथला पुरुष कडी घालूनच जातो, बाई आत सुरक्षित राहते म्हणतात. कडीला कुलूप नसते. म्हणजे चोराला आत येता येते, मला बाहेर जाता येत नाही. चोर मात्र अजून आलेला नाही.

उजाडता हे आले, कडी काढली आणि खाटेवर पडले. मी सडा टाकायला बाहेर आले तर समोरच्या छपरीत चंद्रभान तणशीवर, धानाच्या पेंढ्यावर, पडलेला. तो पिऊन पडतोच, त्यात नवल नाही. पण तोंडाला फेस होता आणि डोळे अर्धे उघडे. हलवले. थंडगार.

मग तुळसाचे दार वाजवले. तुळसा त्याची बायको. तिने आतली सिटकनी काढली. जुनी आहे, करकर वाजते. दारातूनच मला म्हणाली, "आता ओरडून नाई राहिला वाटते."

मी नुसते बोट केले. तिने पाहिले. गुंजन, तिची सहा वर्षांची पोर, मागून येऊन तिच्या पातळाला धरून उभी राहिली. तुळसा रडली नाही. रडू मलाही आले नाही. मला सडा टाकायचा राहिला याचीच चुटपुट लागली होती.


९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी साप सांगितला. मण्यार. पायाच्या बोटाजवळ टाचणीएवढी खूण होती म्हणे. तणशीत बसलेली असणार, हा त्याच तणशीवर आडवा झाला. मण्यार चावल्याचे माणसाला कळतही नाही, मग पापण्या जड होतात, मग जीभ.

सापाने मारले म्हटल्यावर लोक निवांत झाले होते. तेवढ्यात भैय्यालाल आला. चंद्रभानचा मोठा भाऊ, गावाच्या वरच्या टोकाला राहतो, म्हातारी आई आनंदाबाई त्याच्याकडे असते. आमच्याच अंगणात उभा राहून यांना म्हणाला, "साप चावला ते बराबर हाये, पाटील. पन माहा भाऊ रातभर दार ठोकून राहिला होता. मंगरूनं आयकलं. हे बाई आतून सिटकनी लावून बसली. दार उघडलं असतं तं दवाखान्यात नेलं असतं ना जी? मानूस वाचला असता."

मंगरू खळ्यावर धानाची राखण करत झोपला होता. तोही म्हणाला, "हौ. तुळसे दार उघड, तुळसे दार उघड, असं करून राहिला होता. मंग चूप झाला. मले वाटलं, घेतला असन आत."

भैय्यालालचे म्हणणे स्पष्ट आहे. नवऱ्याला दाराबाहेर मरू देणारी बाई घरात ठेवायची नाही. तिने माहेरी जावे, घर आणि धानाची बांधी भावाची, आणि गुंजन त्यांच्या घरातली म्हणून त्यांच्याकडे राहील. वर ठाण्यात तक्रार करणार ती वेगळीच.

यांनी विचारले, "कडी बाहेरून होती का आतून सिटकनी?" भैय्यालाल म्हणाला, "ते पाटलीनबाईले विचारा. दार त्याहीनंच वाजवलं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, दूध उतू जाते आहे, आणि आत आले. दूध चुलीवर नव्हतेच.


१० नोव्हेंबर

तुळसाकडे वरणभात घेऊन गेले. तिच्या घराला एकच दार आहे. घरात यायचे, गोठ्यात जायचे, सगळे त्या छपरीतून. तणीस कुणी तरी जाळून टाकली आहे, तिथे काळा डाग.

गुंजन जेवली. तुळसा भाताकडे पाहत बसली. मग विचारले नसताना सांगू लागली. गाय व्यायला टेकली होती, म्हणून त्या रात्री मंडईला जाताना त्याने कडी घातली नाही. "गाईसाठी उघडं ठेवलं, वहिनी. नाई तं कोनासाठी ठेवते?" पहिल्या झोपेत गाय व्याली, कालवड झाली. ही आत येऊन हात धुते तोच रस्त्यावर त्याचा आवाज. भाऊबिजेला हिचा भाऊ आला होता, जेवून गेला. भावाला काय सांगितले, म्हणून त्या दिवसापासून रोज मार चालला होता. आवाज ऐकला आणि हात आपसूक सिटकनीवर गेला म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदा.

"आधी शिव्या देल्या. मंग म्हने, पाय जड होऊन राहिले. मंग म्हने, डोये मिटून राहिले. मले वाटलं, दारू बोलून राहिली."

व्यालेल्या गाईची वार पडेपर्यंत जागे राहावे लागते, नाही तर गाय ती खाऊन बसते. पडली की उचलून पुरायची. मी सहज विचारले, वार कधी पडली? तुळसा म्हणाली, "उशिरा. वार पुराले गेली तवा गप झाला होता. येता येता बी गप होता."

मी म्हटले, भात थंड होऊन राहिला, खाऊन घे. तिने खाल्ला.

घरी येऊन तांदूळ निवडले. पोळ्याच्या सुमारास तुळसा यांच्याकडे आली होती, हाताला पट्टी बांधून. यांनी तिला पाणी दिले, बसवले आणि सांगितले की भांड्याला भांडे लागतेच, घरचे घरात ठेव, झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदावर काही घेतले नाही. मीच तिला दारापर्यंत पोचवले होते.

अजून एक. त्या रात्री त्याचे ओरडणे मलाही ऐकू आले होते. आमच्या दाराला कडी होती, बाहेर जाता येत नव्हते हे खरे. पण खिडकीतून मंगरूला हाक मारता आली असती. मारली नाही. कुशीवर वळले.


११ नोव्हेंबर

हे जेवताना म्हणाले, "परवा ठाण्याचे जमादार येऊन राहिले. सरळ सांग. दार कसं होतं?"

मी म्हटले, "बाहेरून कडी होती. मी काढली."

असे म्हणायचे मी ठरवले नव्हते. तोंडातून निघाले आणि मग ते तसेच राहिले. यांनी माझ्याकडे पाहिले आणि पोळीचा तुकडा मोडला.


१२ नोव्हेंबर

खोटे बोलल्याचे काही तरी वाटायला हवे. अंग तपासून पाहते आहे, काही सापडत नाही. भीतीही नाही. लोणच्याची बरणी उन्हात ठेवली.

एक गोष्ट मात्र ध्यानात येते. कडी बाहेरून होती असे म्हटल्यावर यांनी "कशी काय" असे विचारले नाही. बाई आत कोंडलेली होती, यात विचारण्यासारखे काय आहे?

आमचा अंकुर चार वर्षांचा असताना एकदा असाच कडीच्या रात्री तापला. अंग चुलीसारखे झाले होते. मी उजाडेपर्यंत ओल्या फडक्याने पुसत बसले. यांनी आल्यावर विचारले, दवाखान्यात काहून नेलं नाही? मी सांगितले, कडी होती. तेव्हाही पुढे काही विचारले नव्हते. आता अंकुर आयटीआयला आहे, चांगला आहे.


१३ नोव्हेंबर

जमादार आले. आमच्या अंगणात खुर्च्या टाकल्या. एका बाजूला पुरुष. आम्ही बाया भिंतीला टेकून खाली. तुळसा सगळ्यांत मागे, गुंजनला मांडीवर घेऊन.

मी सांगितले ते सांगितले. जमादार मंगरूकडे वळले, "मंग तो दार उघड, दार उघड काहून म्हनत होता रे? कडी तं त्याच्याच हातची."

मंगरूने डोके खाजवले. पुरुषांतून कोणी तरी म्हणाले, "पिऊन होता साहेब. सोताच कडी घातली आन् सोताच इसरला." सगळे हसले. मेलेल्या माणसावर हसू नये, पण हसले. मला वाटले, झाले, सुटलो.

तेवढ्यात भैय्यालाल उठला. "साहेब, गाय व्याली त्या राती. व्यायले टेकलेली गाय घरी असताना माहा भाऊ कडी घालते का? आन् घातली, तं वार कोनं पुरली? सकारी गोठा साफ होता. हे बाई राती बाहेर आली होती!"

जमादार शेतकऱ्याच्याच घरचे असावेत. ते खुर्चीत सरळ बसले. तुळसाने गुंजनच्या केसांतून विंचरल्यासारखी बोटे फिरवायला सुरुवात केली. वारेचा मी विचारच केला नव्हता.

राधाबाई बोलली. कोपऱ्यावरची विधवा, सत्तरीची. एरवी हिला कुणी विचारत नाही. म्हणाली, "वार म्या पुरली."

"तुमी? राती?"

"गाय हंबरून राहिली होती. बुढ्या मानसाले झोप हाये का? माह्या दाराले कडी घालनारा मरून सोळा वर्सं झाली, साहेब. मी कोठी बी जातो."

"मंग तुमी दार पाहिलं असन."

"पाहिलं ना. कडी होती. चंद्रभान तणशीवर घोरत होता. रोजच घोरते."

राधाबाईला रात्री दिसत नाही. मोतीबिंदू आहे. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे, पुरुषांना नाही.

भैय्यालाल ओरडायला लागला की सगळ्या बाया मिळालेल्या आहेत. तेव्हा त्याचीच आई उठली. आनंदाबाई. जिचा पोरगा मेला ती. आठ दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. म्हणाली, "कडी म्या काढली."

जमादारांनी पेन खाली ठेवले. "बाई, कडी पाटलीनबाईनं काढली म्हनते."

"तिनं बी काढली असन. म्या बी काढली."

"निंघालेली कडी अजून कसी काढता जी?"

"डोयात पानी होतं साहेब. काय काढून राहिली ते दिसत नव्हतं."

पुरुष पुन्हा हसायला लागले. भैय्यालाल मात्र हसला नाही. "माय, तू तं माह्या घरी होती. माह्याच संगं आली, लोक जमल्यावर. काहून लबाड बोलून राहिली?"

आनंदाबाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "तुया बापानं मले जिंदगीभर बाहेरून कडी घातली. मी कडी वळखत नाई काय?"

मग कोणी हसले नाही. भैय्यालाल खाली बसला. जमादार म्हणाले, "एक कडी आन् तीन बाया. बायांची गवाही अशीच असते, पाटील. मी तुमच्या घरच्यांचं तेवढं लिहितो." माझी सही घेतली. मी पूर्ण नाव लिहिले, निर्मला पुंडलिक. अक्षर बरे आले.

हे सगळा वेळ खांबाला हात लावून उभे होते आणि समोरच्या दाराकडे पाहत होते.


१४ नोव्हेंबर

आम्ही तिघी एकमेकींशी काही बोललो नव्हतो. आधीही नाही, नंतरही नाही. आज विहिरीवर राधाबाई भेटली. म्हणाली, बादली धर. धरली.


१७ नोव्हेंबर

काल दहावा झाला. आज हे घरी जेवायला होते. दोन घास खाऊन म्हणाले, "मंडईहून येताना मी त्याच्याच घरासमोरून आलो. उजेड झाला होता. कडी लटकून राहिली होती."

मी विचारले, "वरण देऊ?"

"तू लबाड बोलली. जमादारासमोर."

"तुमी बी तिथंच उभे होते," मी म्हटले. "तुमी काहून नाई बोलले?"

त्यांनी ताटात पाणी ओतले, अर्धे जेवण तसेच ठेवून. मग म्हणाले, "पोळ्याच्या वक्ती ती आली होती. ते निंघालं असतं." म्हणजे तिच्यासाठी नव्हे. ते मला कळतच होते. तरी ऐकल्यावर वरणाचे पातेले जरा जोरातच खाली ठेवले. राग असावा. बऱ्याच दिवसांनी आला तर माणूस ओळखतही नाही.

हात धुऊन परत आले, उंबऱ्यावर बसले. पोलीस पाटील उंबऱ्यावर बसत नाहीत. मागे न पाहता म्हणाले, "मी असी हाक मारली असती, तं तू उघडलं असतं?"

मी खरेच विचार केला. उत्तर सोपे होते. "तुमी बाहेरून कडी घालून जाता. मी उघडीन कसी?"

यांना ते उत्तर आवडले नाही. दुसरे काय सांगणार होते मी?


२० नोव्हेंबर

तेरवी झाली. भैय्यालालने तेरवीत पंगत वाढली, पण तुळसाशी बोलला नाही. घराचे नाव काढले नाही, पोरीचेही नाही. आई त्याच्याकडे परत गेली नाही, हे कारण. आनंदाबाई आपले गाठोडे घेऊन तुळसाकडे राहायला आली आहे. ज्या घराच्या दारात पोरगा मेला तिथेच.

संध्याकाळी समोर पाहिले. सासू कालवडीला धरून उभी, सून दूध काढत होती. आनंदाबाई रडत होती, मोठ्याने, गळा काढून. तुळसाने धार थांबवली नाही. म्हातारीला पोरगा हवाच होता. दोन्ही गोष्टी एका बाईत कशा मावतात, मला समजत नाही. मला तर एकही धड मावत नाही.


२७ नोव्हेंबर

काल वरच्या गावची मंडई. हे जातील की नाही शंका होती. गेले. चपला घातल्या, टॉर्च घेतला, दार ओढले. मी कडीच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. पावले थोडी थांबली आणि मग गेली.

मी बाहेर येऊन उभी राहिले. कुठे जायचे नव्हते. थंडी होती, समोर दोघींचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. एकवीस वर्षांत रात्रीची गल्ली मी इतक्या उशिरा पाहिली नव्हती. गल्लीच आहे. तरी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आत येऊन सिटकनी लावायला गेले तर सरकेना. आमची सिटकनी कधी वापरलीच नाही, ऑइलपेंट मारताना चिकटून बसलेली. बत्त्याने ठोकली. तिसऱ्या चौथ्या ठोक्याला रंगाचा पापुद्रा पडला आणि सरकली. मग अशी झोप लागली की स्वप्नही पडले नाही.

जाग आली तेव्हा फटीतून उजेड येत होता. दार ढकलल्याचा आवाज झाला. मग यांचा आवाज, "अंकुरची माय, दार उघड."

मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. पांघरूण गरम होते.

"अंकुरची माय!" आता जोरात. दारावर थाप. नंतर छपरीत पाय घासल्याचा आवाज आला, माणूस खाली वाकून आजूबाजूला काही आहे का पाहतो तसा. छपरीत आम्ही तणीस ठेवत नाही. तरी पाहत होते.

मग हळू म्हणाले, "निर्मला." लग्नात उखाणा घेतला तेव्हा म्हटले होते, त्यानंतर आता.

मला बरे वाटले. लिहायची लाज वाटते, पण वाटले. पडूनच किती वेळ बरे वाटेल ते पाहावे असाही विचार आला, आणि त्या विचाराचीच भीती वाटून मी उठले.

दार उघडले. यांचा चेहरा उतरला होता, हातातला टॉर्च भर उजेडात पेटलेलाच. आत न येता विचारले, "झोप लागली होती काय?"

"नाई," मी म्हटले. "पहिलीच हाक आयकली होती."